जुना ड्रमसेट: आधी बघा, मग खोला, घासणं सगळ्यात शेवटी

जुना ड्रमसेट घरी आला की बहुतेकजण पहिल्या तासाभरात दोनपैकी एक गोष्ट करतात. एकतर आहे तीच हेड (ड्रमच्या तोंडावरचे पडदे) ताणून वाजवून बघतात, नाहीतर पॉलिशची बाटली उघडतात. वर्षानुवर्षं ताणून मेलेलं हेड वाजवून शेलबद्दल, म्हणजे ड्रमच्या पोकळ गोल सांगाड्याबद्दल, काहीही कळत नाही. आणि पॉलिश आधी झालं, तर ज्या खुणांवरून सेटचं वय, मूळपण आणि दुखणं ओळखायचं त्याच पुसल्या जातात. सेट घ्यायच्या आधीच मत बनवायचं असेल तरी क्रम तोच राहतो, फक्त टप्पा 1 आणि 2, सिंबलची (धातूच्या झांजांची) तपासणी आणि पेडल तिथल्या तिथे उरकायचं.

हा लेख साधारण 1950 ते 1980 च्या दशकातल्या सेटबद्दल आहे. एक नियम सगळीकडे लागू धरा: जे उलटवता येत नाही ते काम सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच. शेलला भोक पाडणं, धार नव्याने कापणं, सिंबलवरचा थर उतरवणं आणि रॅप (शेलवर चिकटवलेलं रंगीत आवरण) बदलणं ही चार कामं त्यात येतात.

## तयारी

ड्रम की (हेड ताणणारे रॉड फिरवायची छोटी किल्ली), खाचेच्या मापाचे दोन-तीन स्क्रूड्रायव्हर, मोजपट्टी, छोटा टॉर्च, लोहचुंबक, वजनकाटा, कापूस, झिप पिशव्या आणि मार्कर एवढं जमवा. शिवाय एक सपाट पृष्ठभाग लागेल: जाड काच किंवा पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटचा तुकडा, निदान फ्लोअर टॉम (जमिनीवर स्वतःच्या पायांवर उभा राहणारा मोठा ड्रम) उभा राहील एवढा. स्टीलची पट्टी त्यावर आडवी-तिरकी ठेवून खालून उजेड येतो का ते आधीच बघा. पृष्ठभागच वाकडा असेल तर पुढची सगळी तपासणी फुकट जाते.

स्क्रूड्रायव्हरच्या मापाकडे दुर्लक्ष करू नका. जुन्या लगचे (शेलवरचे धातूचे भाग, ज्यांत रॉड बसतात) स्क्रू बरेचदा सरळ खाचेचे असतात. बारीक टोकाचा ड्रायव्हर लावला की खाच झिजते, आणि मग तो स्क्रू शेलच्या आतून काढणं फार कटकटीचं होतं.

## टप्पा 1: फोटो आणि ओळख

काहीही सैल करण्याआधी प्रत्येक ड्रमचे चारही बाजूंनी, बॅजचे (कंपनीच्या नावाची धातूची पट्टी) आणि हेड पारदर्शक असेल तर आतलेही फोटो काढा. कुठला रॉड कुठल्या ड्रमचा, वॉशर किती होते, मफलर (आतून हेडला टेकून आवाज दाबणारी गादी) कुठे होता, हे महिन्याभराने आठवत नाही.

बॅजवरचा नंबर म्हणजे जन्मदाखला असं समजणं ही सर्वांत पसरलेली चूक आहे. लडविग या अमेरिकन ड्रम कंपनीने 1960 च्या दशकाच्या पूर्वार्धात नंबर घालायला सुरुवात केली, पण नंबर छापलेले बॅज क्रमाने लावले जायचे असं नाही. एकाच वेळी विकलेल्या सेटच्या तीन ड्रमवर एकमेकांपासून दूरचे नंबर सापडतात, त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. त्या काळातल्या लडविगच्या शेलमध्ये आत तारखेचा शिक्का मिळाला, तर तो नंबरपेक्षा जास्त भरवशाचा. ग्रेच या दुसऱ्या अमेरिकन कंपनीच्या ड्रममध्ये बॅजचा आकार काळ सांगतो: गोल बॅज 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, त्यानंतर अष्टकोनी.

बॅज बदलताही येतो. तो हवेच्या भोकातल्या धातूच्या कडीने धरलेला असतो. कडी आतल्या बाजूने चेपलेली, ओरखडलेली किंवा बाकी हार्डवेअरपेक्षा नवी दिसली, तर बॅज कधीतरी निघालाय एवढं नक्की.

तपासा: सगळे ड्रम एकाच सेटचे आहेत का? शेलच्या आतला रंग किंवा सीलर, लाकडाचे थर आणि आतल्या रिंग (शेलच्या तोंडाशी आतून लावलेल्या लाकडी कड्या) जुळल्या पाहिजेत. रॅपचा पिवळेपणा पण जुळला पाहिजे. एक टॉम पांढराशुभ्र आणि बाकीचे लोण्याच्या रंगाचे असतील, तर तो एकतर मागून आलाय नाहीतर त्याचा रॅप बदललाय. लगच्या कडेला, जिथे ऊन कधी पोचलं नाही, तिथला रंग बघा.

## टप्पा 2: भोकं मोजा

टॉर्चचा उजेड आत टाकून प्रत्येक भोकाचा हिशोब लावा. लग, मफलर, टॉम होल्डर, स्पर (बास ड्रमचे टेकू), हवेचं भोक, बॅज. त्यात न बसणारं जे उरेल ते कोणीतरी नंतर पाडलेलं. बास ड्रमवर ही शक्यता सर्वांत जास्त, कारण पूर्वीचे टॉम होल्डर नाजूक होते आणि मालक पुढच्या काळात भक्कम होल्डर बसवून घ्यायचे.

यावर ड्रमरांमध्ये कायम वाद चालतात. माझं मत साधं आहे: नीट पाडलेल्या एखाद-दोन जादा भोकांनी ड्रमच्या आवाजात ऐकू येण्यासारखा फरक पडत नाही. जमवणाऱ्याच्या दृष्टीने मात्र किंमत बरीच खाली येते. म्हणजे तुम्हाला वाजवायचंच असेल तर असा सेट बिनधास्त घ्या, फक्त ‘अस्सल, हात न लावलेला’ म्हणून कोणी विकत असेल तर त्या भावात घेऊ नका.

इशारा: तुम्ही स्वतः भोक पाडू नका. होल्डर टॉमला पेलत नसेल, तर 12 किंवा 13 इंची टॉम स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम) ठेवायच्या स्टँडवर ठेवता येतो, किंवा हूपला (हेड दाबून धरणारी गोल कडी) धरणारी सस्पेन्शन कडी मिळते.

## टप्पा 3: खोलणं

दोन्ही बाजूंची हेड एकदम न काढता, समोरासमोरचे रॉड अर्धा-अर्धा फेरा फिरवत उतरवा. हूपची एक बाजू पूर्ण सैल आणि दुसरी ताणलेली ठेवून तो ओढला, तर जुना हूप वाकतो.

रॉड फिरत नसेल तर थांबा. थोडं भेदक तेल (गंजलेले आटे सोडवणारं पातळ तेल) सोडा, रात्रभर राहू द्या आणि मग ड्रम कीनेच, पुढे-मागे हलक्या हाताने फिरवा. पक्कड लावून जोर केला तर रॉडऐवजी लग फुटतो. बहुतेक लग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. हा धातू वाकत नाही, सरळ तडकतो.

प्रत्येक ड्रमचे सुटे भाग वेगळ्या पिशवीत घाला आणि वर नाव लिहा. लगच्या आत स्प्रिंग असते, ती नटाला जागेवर धरते. लग काढताना ती उडते, म्हणून खाली कापड पसरा.

नवीन रॉड लागणार असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. अमेरिकन आणि बहुतेक जपानी ड्रमचे आटे 12-24 मापाचे (जाडीचं माप 12, इंचाला 24 आटे) असतात, पण जुन्या ब्रिटिश प्रीमियरचे आणि जर्मन सोनॉरचे आटे वेगळे. नवा रॉड पहिले चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी गेला पाहिजे. दुसऱ्या फेऱ्याला अडला तर माप चुकलंय. ड्रम की लावून पुढे रेटलात तर नटाचे आटे जातील.

इशारा: 1950 आणि 60 च्या दशकातले काही रॅप नायट्रोसेल्युलोजचे असतात. ते झटकन पेट घेतात. जोरात चोळल्यावर कापरासारखा वास आला तर तेच समजा. पण वास आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. सुटलेला रॅप हीट गनने गरम करून चिकटवण्याचे व्हिडिओ बघून तो प्रयोग जुन्या शेलवर करू नका.

## टप्पा 4: शेल

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हेड, हूप, रॉड, पेडल सगळं बदलता येतं. शेल बदलला की तो ड्रमच राहत नाही.

गोलाई. शेलच्या तोंडावर चार दिशांनी व्यास मोजा: उभा, आडवा आणि दोन्ही तिरके. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात छोट्या मापात 2 मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर काळजीचं कारण नाही. 3 मिलिमीटरच्या पुढे गेला की हेड एका बाजूला घट्ट आणि दुसऱ्या बाजूला ढिलं बसायला लागतं. असा शेल काही दिवस हेडशिवाय, तोंड खाली करून सपाट ठेवून परत मोजा. विषम ताणामुळे आलेला वाकडेपणा थोडा सैलावतो.

धार. जिच्यावर हेड टेकतं ती बेअरिंग एज. शेल काचेवर उभा करा, खोलीत अंधार करा, आत टॉर्च ठेवा आणि वरून जाड कापड टाका. खाली डोळा नेऊन सावकाश पूर्ण चक्कर मारा. जिथे उजेडाची रेघ दिसेल तिथे साध्या छपाईच्या कागदाची पट्टी सरकवून बघा. असा कागद साधारण 0.1 मिलिमीटर जाड असतो. पट्टी आत गेलीच नाही तर धार उत्तम. बोटभर लांबीत गेली तरी चालतं. वीतभर लांबीत सहज सरकत असेल, तर तिथे धार बसलेली आहे आणि ट्यूनिंगला तिथला रॉड कायम त्रास देणार.

तपासा: उजेड दिसला की शेल अर्धा फिरवा आणि परत बघा. फट शेलबरोबर फिरली तर दोष शेलचा. काचेवर त्याच जागी राहिली तर दोष काचेचा. ही एक मिनिटाची खात्री न केल्याने कित्येक चांगले शेल विनाकारण कारागिराकडे जातात.

धार गोलसर दिसली म्हणून ती ‘खराब’ झाली असं समजू नका. साठच्या दशकातल्या लडविग, स्लिंगरलँडच्या धारा मुळातच गोलसर होत्या. हेडचा जास्त भाग लाकडावर टेकतो म्हणून आवाज जाड, उबदार आणि लवकर थांबणारा येतो, आणि लोक त्याच आवाजासाठी हे सेट शोधतात. त्या धारा आजच्या पद्धतीने 45 अंशात टोकदार कापून घेतल्या तर जुन्या शेलमधून नव्या सेटचा आवाज येईल. मग नवाच सेट घ्यायला काय हरकत होती? धार खरोखर बसलेली असेल तर ज्याने जुने ड्रम हाताळलेत अशाच कारागिराकडे द्या, मूळचा आकार ठेवायला सांगा आणि स्नेअर असेल तर तारांसाठी खालच्या धारेत असलेली उथळ खोलगट जागा जपायला बजावून सांगा. ती सपाट झाली की तारा कायम भणभणतात.

थर आणि किडे. बोटाच्या पेराने शेलवर आतून सगळीकडे टकटक करा. एखाद्या जागी आवाज पोकळ, फडफडणारा आला तर थर सुटलेत. आतल्या रिंगच्या कडेलाही बघा, तिथला सांधा उघडणं फार नेहमीचं आहे. दोन्हीला इलाज आहे: सिरिंजने पातळ लाकडी गोंद आत सोडा, दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या ठेवून क्लॅम्प लावा, दिवसभर हलवू नका. टाचणीएवढी गोल भोकं आणि त्याखाली पिठासारखा भुसा दिसला तर मात्र तो शेल आधी बाकीच्या सामानापासून दूर न्या. लाकूड पोखरणारे किडे अजून जिवंत असू शकतात.

माप. 1960 च्या दशकाच्या शेवटापर्यंतचे प्रीमियर, काही जुने ग्रेच आणि त्या काळातले काही जपानी शेल आजच्या मापापेक्षा केसभर मोठे असतात. नवं हेड शेलवर ठेवून हाताने गोल फिरवा. ते मोकळं फिरलं पाहिजे. दाबून बसवावं लागत असेल तर ते कधीच नीट ट्यून होणार नाही. अशा शेलसाठी रेमो ‘क्लासिक फिट’ नावाने थोडी सैल हेड बनवते. शेल तासून हेड बसवणं हा मात्र अपराध आहे.

## टप्पा 5: सफाई

आता घासायला हरकत नाही, पण जपून. शेलवर फक्त कोरडा ब्रश आणि साबणाच्या कोमट पाण्यात पिळून घेतलेलं कापड. लाकूड भिजू देऊ नका. आतल्या तारखेच्या शिक्क्याला अजिबात हात लावू नका.

क्रोमवरचा हलका गंज ॲल्युमिनियम फॉइलच्या बोळ्याने, पाणी लावत घासला तर निघतो. फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. हीच युक्ती निकेलच्या मुलाम्यावर वापरू नका, तो मऊ असतो. व्हिनेगरमध्ये भाग बुडवून ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. स्टीलच्या रॉडला तो ठीक, पण जस्ताच्या लगला आम्ल खातं.

लोहचुंबक इथे कामाला येतं. हूपला चिकटलं तर स्टील, नाही चिकटलं तर पितळ, ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा ओतीव धातू. लडविगची सुप्राफोनिक स्नेअर बहुतेक ॲल्युमिनियमवर क्रोम चढवलेली असते, आणि त्यावर पुरळासारखे डाग येणं हा तिचा स्वभावच आहे. आवाजावर त्याचा काही परिणाम नाही. घासत बसलात तर क्रोमचे पापुद्रे निघतील.

## टप्पा 6: सिंबल

सिंबल आधी तडा शोधण्यासाठी हातात घ्या, आवाजासाठी नंतर. जुनी चांगली सिंबल 80 टक्के तांबं आणि 20 टक्के कथील अशा काशाची असते. हा धातू सुरेल, पण ठिसूळ. पाइस्टेच्या 2002 मालिकेसारख्या सिंबलमध्ये कथील 8 टक्केच असतं.

1. कापसाचा बोळा काठावरून हलक्या हाताने पूर्ण फिरवा. तंतू जिथे अडकले तिथे टॉर्च मारा.
2. मधल्या भोकाकडे बघा. स्टँडवर प्लॅस्टिकची नळी नसेल तर दांड्याचे आटे भोक खातात आणि ते किल्लीच्या भोकासारखं लांबट होतं. लांबट भोक चालतं. त्याच्या टोकातून बारीक रेघ निघालेली असेल तर चालत नाही.
3. सिंबल उजेडासमोर धरून गोल चरे बघा. चऱ्याच्या बाजूने गोल जाणारा तडा सगळ्यात फसवा, कारण तो चऱ्यासारखाच दिसतो. दोन्ही काठ धरून अगदी हलका वाक दिला तर तडा असल्यास उघडतो.
4. मग बोटात धरून काठाला नखाने टिचकी मारा. आवाज विरत जाताना त्यात पत्रा खरखरल्यासारखं काही ऐकू आलं तर परत पहिल्यापासून शोधा.

विकणाऱ्याला वजन ग्रॅममध्ये विचारा, कारण ‘पातळ’ आणि ‘जड’ हे शब्द प्रत्येकाचे वेगळे असतात. 20 इंची राइड (सलग ताल धरायची मोठी सिंबल) 1,700 ग्रॅमच्या आसपास असेल तर हलकी, पसरणारी. 2,300 च्या पुढे गेली की काठीचा ठोका स्पष्ट, पसारा कमी. हाय-हॅटच्या (पायाने उघडझाप होणाऱ्या सिंबलच्या) जोडीचे दोन्ही पत्रे वेगवेगळे तोला. सहसा हलका वर असतो. दोघांच्या वजनात अजिबात फरक नसेल किंवा शिक्के वेगळ्या काळातले असतील तर जोडी नंतर जमवलेली असू शकते. वाजवून आवडली तर घ्या, जोडी ‘मूळ’ असल्याच्या भावात नको.

पॉलिशचा प्रश्न. जुन्या सिंबलवरचा काळपट-तपकिरी थर काढला की आवाज ‘उघडतो’ असं म्हणणारे आहेत, आणि ‘मरतो’ म्हणणारेही आहेत. चिकट घाण असेल तर ती साबणाच्या पाण्याने काढाच, तिने आवाज खरंच दबतो. धातूवर धरलेला थर मात्र राहू द्या. तो काढायला जे घर्षण लागतं त्यात छापील अक्षरं जातात आणि ठोकलेला शिक्काही उथळ होतो, आणि त्या शिक्क्यावरूनच पुढचा माणूस सिंबलचा काळ ओळखणार असतो.

इशारा: तडा दिसला तर त्याच्या टोकाला भोक पाडून तो थांबवता येतो, पण काही काळच. काठावरची छोटी चीर बारीक कानशीने गोलाकार करून काढता येते. ग्राइंडर लावू नका. धातू तापला की त्याचं पाणी उतरतं आणि तिथला आवाज जातो.

## टप्पा 7: पेडल आणि हाय-हॅट स्टँड

जुन्या पेडलबद्दल आधी खरं ते सांगतो. लडविगच्या स्पीड किंगने, जे 1937 पासून चालत आलंय, अनेक थोर वादकांना आयुष्यभर साथ दिली. पण ज्याच्या पायाला आजच्या दुहेरी साखळीच्या पेडलची सवय आहे त्याला ते पहिले काही दिवस लुळं वाटेल. सेटबरोबर फुकट आलं तर ठेवा आणि सवय करा. वेगळे पैसे मोजायचे तर आधी पाय ठेवून बघा.

स्पीड किंगच्या स्प्रिंग दोन्ही खांबांच्या पोटात असतात आणि खांबाच्या बुडाच्या स्क्रूने ताण कमी-जास्त होतो. त्याचं कुरकुरणं प्रसिद्ध आहे. पातळ तेलाने ते दोन दिवस थांबतं, मग परत सुरू. स्क्रू काढून स्प्रिंग बाहेर घ्या, जुना काळा चिकटा पुसा, जाडसर ग्रीस लावा, परत बसवताना दोन्ही बाजूंचे फेरे मोजून सारखे ठेवा.

कुठल्याही जुन्या पेडलमध्ये तीन जागा बघा: हूपला धरणारी क्लॅम्प, पाट्याची बिजागरी आणि बीटरचा (ड्रमवर ठोका मारणाऱ्या दांडक्याचा) आडवा दांडा. दांडा हाताने आडवा हलवला आणि खडखड आली तर बेअरिंग गेलंय. चामडी पट्टा असेल तर तो वाकवून भेगा बघा. पट्टा बदलता येतो. ओतीव चौकटीला तडा असेल तर मात्र नाद सोडा.

हाय-हॅट स्टँडचा वरचा दांडा काढून काचेवर लोळवा. सरळ असेल तर अडखळत नाही. ड्रमच्या रॉडवरही हीच परीक्षा करा, वाकलेले आत्ताच बाजूला काढा.

## टप्पा 8: जोडणी आणि ट्यूनिंग

लग बसवताना स्प्रिंगभोवती फेल्टची पातळ पट्टी गुंडाळा, म्हणजे ती वाजताना झणझणत नाही. लगचे स्क्रू घट्ट बसले की थांबा. जास्त आवळले तर वॉशर लाकडात रुततो. आट्यांना पांढरं ग्रीस किंचित लावा आणि धारेवर मेण हलकं चोळा.

गोलसर धारेला एकपदरी कोटेड (वर खरखरीत लेप असलेलं) हेड सर्वांत चांगलं जमतं. जाड दुपदरी हेड लावलं तर ज्यासाठी हा सेट घेतला तो आवाजच झाकला जातो. खालचं हेड आधी बसवा. सगळे रॉड बोटांनी टेकेपर्यंत, मग समोरासमोर अर्धा-अर्धा फेरा. तळहाताने मध्ये दाबा, सुरकुत्या जाईपर्यंत अजून पाव-पाव फेरा. मग प्रत्येक रॉडजवळ, काठापासून दोन बोटं आत टिचकी मारून सूर सारखे करा. हेच वरच्या हेडला. खालचं वरच्यापेक्षा थोडं चढं ठेवून सुरुवात करा.

एखाद्या रॉडजवळ सूर जुळतच नसेल तर रॉड आवळत बसू नका. हेड सैल करून पाव फेरा गोल फिरवा आणि परत ताणा. अडचण हेडबरोबर सरकली तर हेड खराब. तिथेच राहिली तर हूप काचेवर ठेवून बघा, तो सपाट निघाला तर टप्पा 4 मधली धार परत तपासा.

आतून बारीक खडखड येत असेल तर पहिला संशय जुन्या मफलरवर घ्या. काढलात तर फेकू नका, स्क्रूसकट त्याच ड्रमच्या नावाच्या पिशवीत ठेवा. बास ड्रमच्या लाकडी हूपला पेडल लावताना मध्ये रबराचा तुकडा घाला. पहिला आठवडा रोज वाजवण्याआधी सूर पुन्हा बघा. नवी हेड बसेपर्यंत उतरत राहतात, आणि जुन्या लगमध्ये एखादा रॉड बाकीच्यांपेक्षा जास्त सैल होत असेल तर तो याच आठवड्यात सापडतो.